दारात न मावणारा नवरदेव

माझं सध्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर, नऊ फूट उंच, दोन शिंगं आणि अंगभर केस असलेल्या एका प्राण्याच्या वतीने मी एका मुलीशी प्रेमाने बोलतो. हे बोलणं मोबाइलवर ऐकायला मिळतं आणि ऐकणाऱ्यांत बायका जास्त आहेत. बँकेत एक अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यासाठी मी हेच सांगितलं. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि 'निवृत्त' असं लिहिलं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

या अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी 'जरा खुलवून लिहा' अशीही सूचना केली. खुलवणं मला जमत नाही. आयुष्याचा बराच भाग मी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत, माइकसमोर काढला आहे. तिथे जो खुलवतो त्याच्यामुळे लोकांची गाडी चुकते. आधी गावाचं नाव सांगायचं, मग वेळ, मग फलाट. गडबडीत असलेल्या माणसाचे कान आपल्या गावाच्या नावाला उभे राहतात. त्याआधीचं सगळं वाया जातं. गाडी रद्द झाली असेल तर कारण सांगायचं आणि पुढची गाडी किती वाजता तेही लगेच सांगायचं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं सांगायचं. 'येईल इतक्यात' हे दोन शब्द मी माइकवर कधीही उच्चारले नाहीत. त्याचा मला अभिमान आहे.

पुढे ते काम यंत्राकडे गेलं, मी पार्सलच्या कचेरीत गेलो आणि गुडघ्याने दगा दिल्यावर मुदतीआधी घरी आलो. घरी येऊन भाजी निवडायला शिकत होतो, तेवढ्यात तन्वी आली.

तन्वी मूळची राजापूरकडच्या नाटे गावची. कॉलेजला असताना तिने आमच्या स्थानकावर राजापूरच्या गाडीची पुष्कळ वाट पाहिली होती. आता ती पुण्याच्या एका कंपनीसाठी ऐकायच्या कथा लिहीत होती. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "काका, तुम्ही राजापूर गाडी रद्द झाली म्हणून सांगायचात ना, तेव्हासुद्धा बरं वाटायचं. तोच आवाज मला हवाय."

"कशासाठी?"

"राखणदारासाठी."

माझी बायको सुनंदा आतून पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोकणात गावाच्या हद्दीला शीव म्हणतात आणि शिवेवर एक राखणदार असतो असं मानतात. तो देव नाही आणि साधं भूतही नाही. गाव सांभाळतो, शीव सोडत नाही, दिलेला शब्द मोडत नाही. वर्षाकाठी त्याला त्याचा मान, म्हणजे नारळ आणि नैवेद्य, द्यायचा असतो. तन्वीच्या कथेत केतकी नावाची मुलगी दापोलीला शेतीचं शिक्षण घेते, सुट्टीत गावी येते आणि शिवेवरच्या राखणदाराच्या प्रेमात पडते. अशा कथांना सध्या मोठी मागणी आहे, असं तन्वी म्हणाली. कुठे केसाळ प्राणी, कुठे जलराक्षस, कुठे पंखवाला. ऐकणाऱ्यांना देखणा डॉक्टर नको झालाय.

मी तिला स्पष्ट सांगितलं. "बाय, आमचं घर बौद्ध आहे. आमच्यात राखणदाराला नारळ ठेवत नाहीत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"माझा तरी कुठे आहे? पण मुलीला प्रेमात पडायला कोणीतरी हवा ना, काका!"

एवढ्यावर मी हो म्हणालो नाही. आमचं गाव पालीच्या आतल्या बाजूला. राखणदाराचा मान शिवेवर पोचवायचा तो पाटीत भरून, आणि ती पाटी डोक्यावर वाहायचं काम आमच्या वाडीचं होतं. पाटी ठेवायची आणि मागे न बघता परतायचं. नंतर त्यातला प्रसाद खायचा मात्र इतरांनी. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर ती पाटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलणार नाही असं गावाला सांगितलं. गावाने काही काळ विहिरीवरून त्रास दिला. आजोबा बधले नाहीत. हे आमच्या घरात पाठांतरासारखं सांगितलं जातं.

चार दिवस विचार केला. मग मनाशी असं ठरवलं, की पाटी वाहायची नाही, नारळ फोडायचा नाही, फक्त एक गोष्ट सांगायची आहे. आणि दुसरं म्हणजे, गावाच्या कडेला ठेवलेला, ज्याला सगळे घाबरतात पण ज्याच्या जिवावर निर्धास्त झोपतात, अशा कोणावर तरी एखाद्या मुलीचं प्रेम बसतं, यात मला काही वावगं दिसेना. आम्हीही गावाच्या कडेलाच राहत होतो.

आता कामाविषयी. आमच्या बेडरूममधलं लाकडी कपाट हा माझा स्टुडिओ. मधली फळी काढली, खाली स्टूल ठेवलं. दोन्ही बाजूंना सुनंदाच्या साड्या लटकतात. आवाज घुमू नये म्हणून मऊ कापड लागतं आणि सिल्कपेक्षा जुनी सुती साडी जास्त आवाज पिते, हे मी दोन्ही लावून तपासलं. रेकॉर्डिंग दुपारी जेवणानंतर, कॉलनी लवंडलेली असते तेव्हा. पंखा बंद, कुकर बंद, शेजारच्या मिक्सरला हात जोडून विनंती. कावळ्यांना विनंती करता येत नाही. तळलेली मासळी खाऊन माइकसमोर बसायचं नाही, घसा ओशट होतो. कोमट पाणी प्यायचं.

राक्षसाचा आवाज काढायचा म्हणजे ओरडायचं, असं लोकांना वाटतं. राक्षस ओरडला की लहान होतो. माइकच्या जवळ जायचं, आवाज छातीत ठेवायचा आणि वाक्याच्या शेवटी घाई करायची नाही. कंपनीने यंत्राने आवाज जाड करून पाहिला. मी म्हटलं, तसं करू नका, पाण्याच्या टाकीतून बोलल्यासारखं वाटतं. ते त्यांनी ऐकलं.

केतकीचं काम तन्वी स्वतः करते, तिच्या घरी, नाट्याला. आमचे संवाद वेगवेगळे रेकॉर्ड होतात आणि पुण्यात जोडले जातात. पण समोरून कोणी बोलल्याशिवाय उत्तर नीट येत नाही, म्हणून सुनंदा पलंगावर बसून केतकीची वाक्यं वाचते. ती आरोग्य केंद्रात नोकरीला होती आणि लसीकरणाची यादी वाचावी तशी वाचते. "मला तुझी भीती वाटत नाही, पुढे." आणि कपाटातून मी म्हणायचं, "मला वाटते. तुझी." पहिल्या दिवशी आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता हसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं प्रेमाचं बोलणं आमच्यात कागदावरून का होईना, पहिल्यांदाच चाललं होतं.

मी कागद हातात आला की आधी हिशेब तपासतो, ही जुनी खोड. पहिल्याच भागात राखणदार एकीकडे नऊ फूट आणि दुसरीकडे माडाएवढा होता. मी तन्वीला फोन केला.

"नक्की किती? नऊ फूट की माड?"

"काका, लोक एवढं मोजतात का?"

"मी मोजतो. नऊ फूट धर. आता तू लिहिलंयस, तो केतकीच्या घरात शिरतो. जुन्या घराचा दरवाजा साडेपाच फुटांचा. शिंगं वेगळी. शिरणार कसा? चौकट निघेल."

"मग वाकेल."

"वाकला तरी माजघरात उभा राहणार नाही. झोपाळ्यावर बसवलायस, ती कडी त्याला पेलणार नाही. मी हार्डवेअरच्या दुकानात विचारून आलो."

दुकानदाराने मला विचारलं होतं, "झोपाळ्यावर बसणार कोण?" मी वजन सांगितलं. तो म्हणाला, "बैल?" मी म्हटलं, "नाही. जावई."

तन्वीने वैतागून ते प्रसंग बदलले. राखणदार घरात येणारच नाही असं ठरलं. तो अंगणात बसतो, खिडकीपाशी. केतकी आतून बोलते. तिने बाहेर ये म्हटलं तर ती येते, नाही तर तो बसून राहतो.

कथा सुरू झाली आणि ऐकणाऱ्यांचे संदेश यायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त बायका याच गोष्टीवर बोलत होत्या. तो दाराबाहेर थांबतो. विचारल्याशिवाय आत येत नाही. दार लोटत नाही. एका बाईने लिहिलं होतं, 'असा पुरुष पाहिला नाही.' मी सुनंदाला म्हटलं, अगं, हा काही त्याचा गुण नाही, दरवाज्याचं माप आहे. सुनंदा म्हणाली, "माप असेना. थांबतो ना?"

तेव्हा मला या प्रकाराचा उलगडा व्हायला लागला. राक्षसावर प्रेम का बसतं, हे मला बरेच जण डोळे मिचकावून विचारतात. मी संदेश वाचले आहेत, म्हणून सांगतो. शिंगांसाठी कोणी येत नाही. पालीच्या एका बाईंनी आवाजात निरोप पाठवला होता: "आमचे हे मुंबईला असतात. गणपतीला येतात, शिमग्याला येतात. हा कुठे जात नाही. तेवढंच." निरोप संपला. दापोलीच्या एका मुलीने सांगितलं, की माणसाच्या गोष्टीत नायक कधी बिघडेल याची धास्ती असते. हा पहिल्यापासूनच भयंकर दिसतो, त्यामुळे पुढे फक्त चांगलंच निघतं. हे मला पटलं. ज्या गाडीला उशीर होणार हे आधी सांगितलं आहे, तिची वाट माणूस शांतपणे बघतो.

बाजारात एकदा मी बांगड्यांचा भाव विचारला. मासेवालीने हातातला कोयता खाली ठेवला.

"बोला परत."

"बांगडे कसे दिले?"

"तसं नाय. ते बोला, 'मी हाय. शिवेवर.'"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी हळू आवाजात म्हटलं, "मी आहे. शिवेवर."

"ए, हा बघ गो, राखणदार आला!" तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "एवढासाच?"

"एवढासा असला तरी बांगडे खातो का राखणदार? पापलेट न्या ओ," असं म्हणत पहिलीने पापलेट पिशवीत टाकलं. भाव मात्र सोडला नाही.

एक मोठी चूकही झाली. केतकी दापोलीच्या वसतिगृहात तापाने आजारी पडते आणि राखणदार रातोरात तिच्याकडे जातो, असा भाग तन्वीने लिहिला, मी बोललो. प्रसंग सुरेख होता. उंची, वजन, खिडकी सगळं तपासलं होतं, आणि जे लहान पोराला कळेल ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. संदेशांचा भडिमार झाला. राखणदाराने शीव ओलांडली कशी? गाव उघडं टाकलं? दोन तालुके पार करून गेला, मग वाटेतल्या गावांचे राखणदार झोपले होते का? लांज्याच्या एका आजोबांनी तन्वीचा नंबर मिळवून तिला झापलं: "पोरी, प्रेम ठीक आहे, पण शीव म्हणजे शीव!"

कंपनीतर्फे काम बघणारा साहिल नावाचा मुलगा होता. वयाने लहान, बोलायला गोड. तो म्हणाला, ते स्वप्न होतं असं दाखवू. मी नको म्हटलं. जे झालं ते झालं म्हणावं. पुढच्या भागात राखणदार सरळ सांगतो: "मी शीव ओलांडली. ते चुकलं. पुन्हा होणार नाही." आणि त्याची शिक्षा म्हणून त्याचं एक शिंग गळून पडतं. तो भाग लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकला. एका बाईचा संदेश सुनंदाने मोठ्याने वाचला: 'आमच्याकडे पुरुषाने चूक कबूल केलेली कधी ऐकली नव्हती, म्हणून नीट ऐकू आलं की नाही ते परत ऐकून खात्री केली.'

"काय मग?" सुनंदा म्हणाली.

मी कुकर लावायला उठलो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझी मोठी बहीण, आक्का, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पालीहून आमच्याकडे राहायला आली. आक्का प्राथमिक शिक्षिका होती. भरलेला वर्ग छडीशिवाय गप्प करणारा तिचा आवाज. आमच्या घरात मोठा आवाज तोच, माझा दुसरा. माझं हे काम तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती काळा चष्मा लावून चाचपडत बेडरूममध्ये आली. पलंगावर सुनंदा वाचत होती, "राखणदारा, तू नसशील तर मी कुणाची?" आणि कपाटातून मी बोलत होतो.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मी बाहेर आलो तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली होती.

"मिलिंदा, हे काय?"

मी सांगितलं. दिवसभराच्या गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं, काही न लपवता.

ती म्हणाली, "आजोबांनी पाटी खाली ठेवली. तू उचललीस."

याला माझ्याकडे उत्तर होतं, चार दिवस विचार करून ठरवलेलं.  ते सांगायच्या आत सुनंदाने विषय बदलून तिच्या डोळ्यात थेंब घातले.

त्यानंतर घरात दोन आघाड्या झाल्या. मी कपाटात शिरलो की आक्का बाहेरच्या खोलीत मोठ्याने वर्तमानपत्र वाचून घ्यायची. वाचणारी बिचारी सुनंदाच, म्हणजे माझं काम बंद. मग काही दिवसांनी वाचन थांबलं. ती दार उघडं ठेवून बाहेरच पडून राहायची. ऐकत होती की झोपली होती, काळ्या चष्म्यामुळे कळायला मार्ग नव्हता. एकदा जेवताना मात्र म्हणाली, "त्या पोरीची परीक्षा झाली का?" मी म्हटलं, झाली. "बरं झालं. प्रेमापायी नापास व्हायला नको होती."

आणि मग साहिलचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवून चहा गाळत होतो.

"काका, शेवट ठरलाय. शाप सुटतो! राखणदार मुळात राजकुमार असतो. गोरा, उंच, घारे डोळे. धूर येतो, उरलेलं शिंग जातं आणि तो खरा दिसतो. घरचे आनंदाने लग्न लावून देतात. राजकुमारासाठी नवा आवाज घेतलाय, पुण्याचाच मुलगा आहे. पोस्टरही तयार आहे."

"आणि मी?"

"तुमचं शेवटचं वाक्य तर सगळ्यात भारी आहे. 'केतकी, मी मुळात राजघराण्यातला.' तिथून धूर."

फोन ठेवला. चहा गार होत होता. माझं काम संपणार, याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते आज ना उद्या संपणारच होतं. टोचत होतं ते वेगळंच आणि मला ते नेमकं पकडता येत नव्हतं.

आक्काने पकडलं. बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "म्हणजे शेवटी घराणं बघूनच पोरगी दिली."

मी कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

"इतके महिने ती त्याच्याशी खिडकीतून बोलली, ते सगळं फुकट. गोरा निघाला, वरच्या घरातला निघाला, म्हणून चाललं. नसता निघाला तर? बाहेरच बसला असता?" मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "हे वाक्य तू बोललास, मिलिंदा, तर मी म्हटलं ते खरं झालं बघ. मग ती पाटीच."

मी लगेच साहिलला फोन लावला. "ते वाक्य मी बोलणार नाही."

"का, काका?"

"तो खोटं बोलत नाही. सुरुवातीला केतकीने विचारलं होतं, तू आधी कोण होतास? तो म्हणाला होता, कोणी नाही, हाच. आता राजकुमार निघाला तर तो तिच्याशी पहिल्यापासून खोटं बोलला. मग त्याच्याकडे राहिलं काय? दिसायला तर तो असा."

"काका, गोष्ट आहे ती."

"गोष्टच आहे. म्हणून तर खोटी नको."

साहिल वाईट मुलगा नव्हता. तो म्हणाला, "ठीक आहे. लोकांना शेवटी लग्न हवंय आणि डोळ्यांत पाणी हवंय. राजकुमाराशिवाय ते देता येत असेल तर द्या. परवापर्यंत. नाही जमलं, तर इथून लिहून घेतो आणि तुमचं वाक्य दुसऱ्याकडून बोलून घेतो."

तन्वी नाट्याहून सकाळच्या गाडीने आली. तिचंही पणाला लागलं होतं. पुढची मालिका तिला मिळायची की नाही, ते याच शेवटावर होतं. तरी तिने राजकुमाराचा भाग माझ्यासमोर फाडला. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर दिवसभर लिहीत बसली, आणि खोडत. लढाई लिहिली, खोडली. राखणदार गावासाठी मरतो असं लिहिलं, तेव्हा आक्का म्हणाली, "मेल्यावर काय, कोणाचंही कौतुक करतात." तेही खोडलं.

"मग लग्न ठरतं कसं, आक्का? तुम्हीच सांगा," तन्वी रडकुंडीला आली.

"कसं ठरतं? चार मोठी माणसं बसतात, मुलाला विचारतात. त्याला पण विचारा की. कोणी विचारलंय का अजून?"

तन्वीने पेन उचललं.

असा तो शेवटचा भाग झाला. केतकीची आत्या, म्हातारी, करारी, अंगणात खुर्ची टाकून बसते. समोर राखणदार. मुलाला विचारायचे प्रश्न ती एकेक करून विचारते. सगळ्यात शेवटी घराण्याचा प्रश्न, आणि त्यावर राखणदाराचं लांबलचक उत्तर: जांभा दगड माझा बाप, शिवेवरच्या वहाळाचं पाणी माझी आई, असं ते सुरू होत होतं. तन्वीने ते जीव तोडून लिहिलं होतं. मलाही फार आवडलं होतं. एरवी मी दोन-तीन शब्दांत बोलणारा. एकदा तरी मोठं बोलायला मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून म्हणून म्हणून पाठ केलं.

आत्याच्या आवाजाचं काय करायचं? तन्वीने आक्काकडे पाहिलं. मी पाहायचं धाडस केलं नाही.

आक्का म्हणाली, "मी कुठल्या देवाचं नाव घेणार नाही आणि हात जोडणार नाही."

"नाही, नाही. उलट तोच तुमच्यापुढे हात जोडून बसलाय."

"मग चालेल."

डॉक्टरांनी अजून वाचायला परवानगी दिली नव्हती. तन्वीने प्रश्न तिला वाचून दाखवले, तिने ते एकदा ऐकून पाठ केले. दुपार झाली. पंखा बंद केला. मी कपाटात, आक्का दारासमोर खुर्चीवर, तिच्यापुढे दुसरा माइक. तन्वी आणि सुनंदा पलंगावर.

"शिक्षण?" आक्काने सुरुवात केली. क्षणभर मला माझीच प्रगतिपुस्तकं आठवली.

"नाही."

"काम काय करतोस?"

"राखण. शिवेवर. रात्रपाळी."

"मिळकत?"

"वर्षाला एक नारळ."

सुनंदाने तोंडाला पदर लावला.

"दारू?"

"लोक ठेवतात. मी पीत नाही."

"मुंबईला जाणार?"

"शीव ओलांडता येत नाही."

"आमची मुलगी शिकलेली आहे. दापोलीला नोकरी करणार. आठवड्याने येईल, कधी महिन्याने येईल. चालेल?"

"चालेल. ती येईल तेव्हा मी असेन."

हे वाक्य कागदावर साधंच होतं. बोलताना ते आपोआप हळू निघालं. मी थांबलो. आता शेवटचा प्रश्न यायचा आणि त्यावर माझं मोठं उत्तर. मी श्वास भरून घेतला.

बाहेरून आक्काचा आवाज आला: "ठीक आहे. आमची मुलगी दिली."

मी कपाटात तसाच. माझ्या मनात आलं, विसरली. सगळे प्रश्न बरोबर म्हटले आणि नेमका हाच विसरली. आवाज अजून छातीतच होता, राखणदाराचाच, त्याच आवाजात मी तिला आठवण केली: "एक प्रश्न राहिला."

 मग आक्का अगदी हळू, वर्गात कधी बोलली नसेल इतकं हळू म्हणाली, "तो आमच्यात विचारत नाहीत."

रेकॉर्डिंग चालूच होतं. मी कपाटाचं दार उघडलं. सुनंदा डोळे पुसत होती. तन्वीने माझ्या हातातला मोठ्या उत्तराचा कागद काढून घेतला आणि त्याची घडी करून पिशवीत टाकला.

रेकॉर्डिंग पुण्याला गेलं. दुसऱ्या दिवशी साहिलचा फोन आला. मी स्पीकर लावला. 

"काका, शेवटची दोन वाक्यं कागदावर नाहीत."

"नाहीत."

"कोणी लिहिली?"

"लिहिली नाहीत. तशीच बोलली गेली."

"ठेवू की काढू? इथे सगळे म्हणताहेत ठेवा, पण तुम्हाला विचारायला हवं म्हटलं."

डोळ्यात थेंब घालून आक्का उताणी पडली होती. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "त्याला सांग, काढलास तर डोळा बरा झाला की पुण्याला येईन. कुठल्या गाडीने, तेही सांग."

मी साहिलला सांगितलं. आधी गाव, मग वेळ, मग फलाट.

भाग तसाच लागला.